ड्राफ्टमध्ये नाव आलं, आता कॉलेजचं काय?

आपल्याकडे दहावीच्या वर्षी घरातला टीव्ही बंद होतो. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात त्याच वयाच्या काही मुलांच्या घरी आणखी एका निकालाची धास्ती असते. ओंटारियो हॉकी लीगच्या, म्हणजे ओएचएलच्या, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या यादीत) नाव येणार का? ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागात राहणाऱ्या मराठी आईबाबांचा मुलगा पहाटेच्या अंधारात रिंकवर जात असेल, तर हा प्रश्न त्यांच्याही दारात येतो. (तिथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की ती बर्फावरचीच. ध्यानचंदांची हॉकी म्हणायची तर मागे ‘फील्ड’ जोडावं लागतं.)

ओएचएलमध्ये २० संघ आहेत. त्यातले १७ ओंटारियोतले, बाकीचे तीन सीमेपलीकडे अमेरिकेत. खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. जॉन टॅव्हारेस, कॉनर मॅकडेव्हिड या आजच्या नामवंत खेळाडूंसारख्या मोजक्यांनाच पंधराव्या वर्षी खास परवानगी मिळाली. साखळी फेरीत प्रत्येक संघाचे ६८ सामने. संघ दूरच्या गावातला असेल तर मुलगा तिथल्या एखाद्या ‘बिलेट’ कुटुंबात राहतो, तिथल्याच शाळेत जातो आणि गृहपाठ बऱ्याचदा बसमध्ये उरकतो. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे संघात जागा मिळाली असंही नाही. अनेक जण खालच्या ज्युनियर ए पातळीवर खेळत राहतात.

आईबाबांची खरी झोप उडायची ती मात्र कॉलेजच्या प्रश्नाने. अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या, एनसीएएच्या, लेखी ओएचएलचा खेळाडू व्यावसायिक ठरत असे. एकदा तिथे खेळला की अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संघाचा दरवाजा बंद. म्हणून ज्यांना तिकडची शिष्यवृत्ती हवी, ते मुद्दाम ज्युनियर एमध्ये थांबत. सोळाव्या वर्षी न फिरवता येणारा निर्णय! नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलमध्ये खेळलेल्यांनाही तिथे खेळता येतं. माझ्या मते हे चांगलंच झालं. पण याची दुसरी बाजूही आहे. विद्यापीठाच्या प्रशिक्षकापुढे आता ओएचएलमध्ये तयार झालेला वीस वर्षांचा गडी उभा असतो, त्यामुळे ज्युनियर एमधल्या मुलाची चुरस वाढली आहे.

ओएचएलची स्वतःची शिष्यवृत्तीही आहे. ढोबळमानाने, खेळलेल्या एका हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च. ‘ढोबळमानाने’ हा शब्द मी जपून वापरला आहे. सही करण्याआधी करार घेऊन बसा. शिक्षण किती काळात सुरू करावं लागेल, व्यावसायिक करार केला तर पैसे बुडतात का, संघाने मध्येच दुसरीकडे पाठवलं तर काय, हे संघाकडून लेखी घ्या. क्लासची फी भरताना आपण दहा प्रश्न विचारतो, तर इथे लाजायचं कशाला?

एनएचएलचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचं, स्वप्न मोडू नका, पण गणित मांडा. तिच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत जगभरातून २२४ मुलं निवडतात. तिथे नाव न आलेल्यांचंही सगळं संपत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरातला पंजाबी घरचा अर्शदीप बेन्स निवडला गेला नव्हता. तो पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये रेड डिअरकडून खेळत राहिला, २०२१-२२ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले आणि २०२४ मध्ये व्हँकुव्हर कॅनक्सकडून एनएचएलच्या बर्फावर उतरला.

मुलींची वाट निराळी. ओएचएल मुलांची आहे, मुलींसाठी विद्यापीठ हाच मोठा रस्ता. जानेवारी २०२४ पासून पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीगही सुरू झाली आहे.

आणि मुलाला रिंक सोडवत नाही, पण वेग कमी पडतोय असं दिसलं तर? नायगारा आइसडॉग्स हा ओएचएलचा संघ ज्या सेंट कॅथरिन्समध्ये खेळतो, तिथल्याच ब्रॉक विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाची पदवी मिळते. शेरिडन कॉलेजात खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार शिकवणारा पदवी अभ्यासक्रम आहे. तोवर रेफरीचं प्रशिक्षण घेऊन तो लहान मुलांच्या सामन्यांत शिट्टी फुंकू शकतो. त्याचे पैसे मिळतात, आणि पालकांची आरडाओरड ऐकून घ्यायची सवयही होते.