पुस्तक हाती, अर्थ दूर
(अभ्यासपाठ : प्रे. कृत्ये 6:1-7, नहेम्या 8:1-8, लूक 15:3-7)



वरील तीन उतारे प्रथम शांतपणे वाचावेत आणि मगच पुढील विवेचनाकडे वळावे, ही विनंती.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. सेवकांच्या नेमणुकीचा अध्याय म्हणून दीक्षाविधीच्या उपासनेत तो वाचला जातो. परंतु त्याची सुरुवात तक्रारीने झालेली आहे, हे आपण सहसा विसरतो. यरुशलेमेतील मंडळीत दोन भाषा बोलणारे विश्वासी होते. काहींची बोली अरामी होती. काही बाहेरदेशांतून परतलेले व ग्रीक बोलणारे होते. दोघेही यहूदी वंशाचे होते व प्रभूही एकच होता. तरी रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मागे राहू लागल्या.

लूकने येथे वापरलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. 'पाहणे' या क्रियापदाला 'बाजूने' हा अर्थ देणारा उपसर्ग जोडून ते सिद्ध झाले आहे. नजर त्या व्यक्तीच्या बाजूने निघून जाते, तिच्यावर थांबत नाही. आपल्या मराठी शास्त्रात 'उपेक्षा' हा शब्द आहे व तो योग्यच आहे. पण उपेक्षा म्हटली की मनात थोडी हेतुपुरस्सरता येते. लूक कोणाच्याही दुष्टपणाचा उल्लेख करीत नाही. वाढणारे हात प्रामाणिक असतील, भाकरीही पुरेशी असेल. पण रांगेत गप्प उभ्या असलेल्या, आपली अडचण वाढणाऱ्याच्या भाषेत सांगता न येणाऱ्या विधवेवरून दृष्टी पुढे सरकत असेल. क्रियापदाचा काळही असा आहे की, ही गोष्ट एकदाच घडली नाही. ती घडतच राहिली.

हा उतारा मला नीट उमगला तो एका टीकाग्रंथातून नव्हे, तर न्यायालयाच्या एका निकालावरून. तो निकाल अमेरिकेतील शाळकरी मुलांविषयी आहे. त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक घटकाकडे असतो. (तेथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे सर्वांसाठी असलेली, करांतून चालणारी मोफत शाळा. आपल्याकडे त्याच नावाच्या पाटीखाली भरमसाट शुल्क घेतले जाते, हा शब्दांच्या प्रवासाचा विनोद!) सॅन फ्रान्सिस्को शहराचा असा एक डिस्ट्रिक्ट आहे. 1971 साली तेथील शाळांत इंग्रजी न समजणारी चिनी वंशाची 2,856 मुले होती. त्यांपैकी सुमारे 1,000 मुलांना इंग्रजीचे जादा पाठ मिळत. सुमारे 1,800 मुलांना काहीही मिळत नसे. ही मुले वर्गात बसत. बाक, पुस्तके, शिक्षक, फळा, सर्व काही इतरांसारखेच. शाळेत येणे कायद्याने सक्तीचे होते. शेवटी प्रमाणपत्रासाठी इंग्रजीचे ज्ञानही सक्तीचे होते. मात्र ते ज्ञान देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती.

पालकांनी दाद मागितली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ती फेटाळली. अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, प्रत्येक मूल घरून आपापली अनुकूलता व प्रतिकूलता घेऊन येते. ती शाळेने निर्माण केलेली नाही. शाळा सर्वांना सारखेच देते आहे, मग अन्याय कोठे झाला? वाचकहो, हा युक्तिवाद घाईने झिडकारू नका. आपल्या मंडळ्यांच्या बैठकांत तो वेगळ्या शब्दांत मी अनेकदा ऐकला आहे, आणि लाज वाटते, पण एकदोनदा स्वतःही केला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 21 जानेवारी 1974 रोजी हा निर्णय एकमताने फिरवला. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या नावाने तो खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा : सारखी पुस्तके व सारखे शिक्षक दिल्याने सारखी वागणूक दिली असे होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचे दार बंदच राहते. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण वा मूळ देश यांवरून भेदभाव करू नये, या 1964 च्या नागरी हक्क कायद्यातील कलमाचा आधार त्यासाठी घेण्यात आला. उपाय कोणता करावा हे न्यायालयाने ठरवून दिले नाही. मुलांना इंग्रजी शिकवा, किंवा चिनी भाषेतून शिकवा, किंवा आणखी काही करा. पण काहीतरी करा, एवढेच सांगितले.

आज तेथील शाळांत विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी बरीच मोठी यंत्रणा आहे. जेवणाचा कायदा 1946 चा. अपंग मुलांच्या शिक्षणाचा 1975 चा, ज्यानुसार अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी योजना करावी लागते. बेघर मुलांसाठीचा 1987 चा. शिवाय समुपदेशक, परिचारिका, वाचा-उपचार करणारे आहेत. या सर्वांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्या देशातही निधीवरून व भाषेवरून भांडणे होतच असतात. कॅलिफोर्नियातील मतदारांनी 1998 साली द्विभाषिक शिक्षणावर कडक मर्यादा घातल्या व 2016 साली त्या बहुतांशी उठवल्या.

माझे लक्ष त्याच निकालाला जोडलेल्या एका लहानशा स्वतंत्र मतावर खिळून राहिले. न्यायमूर्ती ब्लॅकमन निर्णयाशी सहमत होते. पण त्यांनी असे नमूद केले की, या प्रकरणात संख्या हीच महत्त्वाची आहे. येथे सुमारे 1,800 मुले आहेत. उद्या अगदी थोडी मुले, किंवा केवळ जर्मन, पोलिश वा स्पॅनिश बोलणारे एकच मूल समोर आले, तर हा निकाल त्या मुलाला लागू होईलच असे आपण मानणार नाही. सरन्यायाधीश बर्गर यांनीही या मताला साथ दिली.

न्यायाधीशाच्या दृष्टीने हे रास्त असेल. सरकारला खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि एका मुलासाठी एक शिक्षक हे कोणत्या कोषाला परवडेल? परंतु लूक 15 मधील मेंढपाळ संख्येचा हिशेब अगदी उलट करतो. नव्याण्णव रानात सोडून तो एकाच्या मागे जातो. हा दाखला आपण हरवलेल्या पाप्याविषयी सांगतो, व तो त्याविषयीच आहे. तथापि तो सांगण्याचे निमित्त जकातदार व पापी लोकांबरोबर प्रभूने केलेले जेवण हे होते, म्हणजे पुन्हा पंगतीत कोण बसणार हाच प्रश्न होता. जेथे कायद्याची हद्द संपते, तेथे मंडळीची हद्द सुरू होते, असे मला या दोन मजकुरांना शेजारी ठेवून वाचताना वाटले.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्राबाहेरच्या एका हिंदीभाषिक शहरात मराठी मंडळी आहे. तेथील शब्बाथशाळेत मला एका वर्षी पाठ देण्यास बोलावले होते. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय निवडला. मुलांनी तो खणखणीत वाचला. देवनागरी त्यांना हिंदीमुळे उत्तम येते. मी समाधानाने पुढे निघालो असतो, परंतु नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला सहज विचारले, "पाचव्या वचनात काय घडले ते सांग पाहू." तो म्हणाला, "काका, येशूला शिक्षण मिळाले." वाचकांच्या लक्षात आलेच असेल. 'शिक्षा' या शब्दाचा हिंदीत अर्थ शिक्षण, मराठीत दंड. ज्या वचनावर आपल्या तारणाचा पाया आहे, त्याचा अर्थ त्या लेकराच्या कानी शाळेची पाटी-पेन्सिल असा पोहोचला होता! मागे बसलेले पालक हसले, मीही हसलो. पण परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आहे. पुस्तक हाती पडले की वचन पोहोचले, असे मीच गृहीत धरले होते.

आमच्या कामात एक पायरी सक्तीची असते. मसुदा तयार झाला की, तो ज्यांनी पूर्वी पाहिलेला नाही अशांना वाचून दाखवायचा आणि "समजले का?" असे न विचारता "काय ऐकले ते सांगा" असे म्हणायचे. 'समजले का' या प्रश्नाला सभ्य माणूस 'हो' असेच उत्तर देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या निकालानंतर सात वर्षांनी, 1981 साली, अमेरिकेच्या दुसऱ्या एका न्यायालयाने भाषा-साहाय्याच्या योजनांसाठी तीन कसोट्या सांगितल्या : योजनेला शास्त्रीय आधार असावा, तिच्यासाठी माणसे व साधने खरोखर दिलेली असावीत, आणि काही काळाने ती मुलांच्या उपयोगी पडते आहे का हे पाहिले जावे. तिसरी कसोटी वाचताना मला आमचीच मसुदा-चाचणी आठवली. आपल्या शब्बाथशाळांत पहिल्या दोन कसोट्यांची थोडीफार चर्चा होते. तिसरीचे नाव नसते. वर्षअखेर पाठांतराची बक्षिसे वाटली की काम संपते.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो, पण एकटा नाही. तेरा जणांची नावे व त्यांच्यासह लेवी यांचा उल्लेख सातव्या वचनात आहे. लोक जागच्या जागी उभे असताना ते त्यांना अर्थ उलगडून सांगत होते. बंदिवासानंतर अनेकांची रोजची बोली अरामी झाली असावी, त्यामुळे तेथे भाषांतरही होत असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दुसरे चित्र आहे. मुले अर्धी अश्दोदी बोलतात, त्यांना यहूदी भाषा येत नाही, हे पाहून नहेम्या संतापतो, बापांना मारतो, त्यांचे केस उपटतो. तेथील मूळ प्रश्न परकीय विवाहांचा व त्यातून येणाऱ्या मूर्तिपूजेचा होता, हे मान्य. तरीही इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांत मुलांचे मराठी बिघडले म्हणून जी बोलणी त्यांना बसतात, ती तेराव्या अध्यायातली असतात. आठव्या अध्यायातील लेवी मात्र क्वचितच भेटतो.

आपल्या देशाच्या राज्यघटनेतही याविषयी तरतूद आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, असे 1956 साली घातलेले अनुच्छेद 350-अ सांगते; 2009 चा शिक्षण हक्क कायदाही शक्यतो मातृभाषेचाच पुरस्कार करतो. मात्र हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 साली ठरवले. त्या निर्णयाने आपल्या संस्थांचे स्वातंत्र्य राखले गेले याचा मला आनंद आहे. पण गरीब व मागास मुलांसाठी जागा राखण्याचे जे बंधन इतर विनाअनुदानित शाळांवर आहे त्यातून आपण सुटलो, हा आनंदाचा विषय कसा होऊ शकतो, ते मला कळत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातील मुलींना घेतले तेव्हा कोणत्या कायद्याने त्यांना भाग पाडले होते? त्याच रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, प्रसिद्ध झाले. आसरा आणि आकलन ही दोन कामे त्यांनी निराळी मानली नाहीत.

यरुशलेमेतही ती निराळी नव्हती. प्रे. कृत्ये 6 मध्ये रोजच्या वाटपासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, तोच चौथ्या वचनात वचनाच्या सेवेसाठी आला आहे. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. त्यांनी सर्व मंडळीला बोलावले व सात पुरुष निवडण्यास सांगितले. त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक. पॅलेस्टाईनमधील यहूद्यांतही ग्रीक नावे असत, म्हणून यावरून खात्रीचे अनुमान काढता येत नाही. परंतु ज्यांच्यावरून नजर सरकत होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती मंडळीने वाढण्याची पळी दिली, असेच बहुधा घडले असावे.

त्या शहरातील मंडळीने पुढच्या वर्षी एक साधी व्यवस्था केली. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी, ज्या स्वतः त्याच शब्बाथशाळेत वाढल्या होत्या, हिंदीत व मराठीत वेगळा अर्थ असलेल्या शब्दांची एक वही केली : शिक्षा, चेष्टा आणि असेच आणखी काही. पाठाच्या आधी पाच मिनिटे त्या वहीसाठी असतात, आणि पाठ संपल्यावर एक मूल तो पाठ पुन्हा सांगते, हवे त्या भाषेत. ती वही मी मागवून घेतली आहे. तिच्यातील चार शब्द माझ्याही ध्यानात कधी आले नव्हते.