दूध संस्थेतील गुणवत्ता-व्यवस्था व रचनाविचार

शीतकरण केंद्राकडून आंबट दुधाचा कॅन परत आला की त्याचा दोष सभासदांवर ठेवावयाचा, ही गावोगावच्या सहकारी दूध संस्थांतील जुनी रीत आहे. संस्थेचे सचिव स्वच्छतेच्या नियमांचा नवा फलक लावतात, सभेत ताकीद देतात, क्वचित दंडही बसवितात. पुढील उन्हाळ्यात कॅन पुन्हा परत येतात. दोन म्हशींवर ज्या कुटुंबाचा संसार चालतो, त्या कुटुंबाच्या दृष्टीने परत आलेले एक वेळचे दूध म्हणजे बुडालेला वैरणीचा खर्च होय. शिवाय कॅनमध्ये अनेकांचे दूध एकत्र झालेले असल्याने एकाच्या दुधापायी दहा जणांचे नुकसान होते.

नियम असूनही ते पाळले जात नाहीत, तेव्हा माणसांत दोष पाहण्यापूर्वी व्यवस्थेच्या आखणीत दोष आहे काय हे तपासावे, असे प्रतिपादन करणारी एक पद्धती अलीकडे उद्योगसंस्थांत रूढ झाली आहे. तिला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात. मराठीत तिला रचनाविचार म्हणता येईल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते. काम प्रत्यक्ष करणाऱ्याची अडचण समजून घेणे, खरा प्रश्न निश्चित करणे, अनेक उपाय सुचविणे, त्यांतील एखादा कच्च्या स्वरूपात उभा करणे व तो वापरून पाहून सुधारणे, असा तिचा क्रम आहे. नाव नवे असले तरी चांगला सुतार तिफण करताना याहून फारसे निराळे काही करीत नाही.

दूध संस्थेस या क्रमाचा आरंभ कार्यालयात बसून करता येणार नाही. सचिवांनी व संचालकांनी चार दिवस पहाटे गोठ्यात जाऊन उभे राहावे. तेथे पहिली गोष्ट ध्यानात येईल ती ही की, बहुतेक घरी धार काढण्याचे व भांडी घासण्याचे काम स्त्रिया करतात. परंतु सभासदत्व पुरुषाच्या नावे, प्रशिक्षण पुरुषास आणि नियमांचा फलक संस्थेच्या भिंतीवर! जिच्या हातून दूध स्वच्छ निघावयाचे, तिच्यापर्यंत तो नियम पोहोचलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कासेतून निघणारे दूध सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. या उष्णतेत जंतूंची वाढ झपाट्याने होते. दूध ४ अंशांपर्यंत थंड केले म्हणजे ती मंदावते. गावात पाच वाजता धार निघत असेल आणि संकलन साडेसहास सुरू होऊन आठपर्यंत चालत असेल, तर भांडे कितीही स्वच्छ असो, दूध तीन तासांपर्यंत कोमट राहते. अशा ठिकाणी ‘सभासद अस्वच्छ आहेत’ हा प्रश्न चुकीचा मांडलेला असतो. धार निघाल्यापासून दूध थंड होईपर्यंतचा काळ कसा घटवावा, हा खरा प्रश्न होय. यावर दूरच्या वस्तीसाठी संकलनाची निराळी वेळ ठेवणे, वस्तीवरच दूध घेणे, किंवा किटली पाण्याच्या टाकीत ठेवण्याची सोय करणे, असे उपाय सुचतील. यांपैकी एकच उपाय, एकाच वस्तीवर, पंधरा दिवस करून पाहावा. एकदम सर्व गावास लागू केलेली योजना फसली तर ती मागे घेणे संचालक मंडळास जड जाते.

उपाय लागू पडला की नाही हे मतावर सोडू नये. त्यासाठी मिथिलिन ब्लू चाचणी सोपी आहे. निर्जंतुक नळीत १० मिलिलिटर दूध घेऊन त्यात १ मिलिलिटर निळे द्रावण घालतात व नळी ३७ अंशांवर ठेवतात. जंतू जितके अधिक तितका निळा रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात रंग गेला तर दूध निकृष्ट. पाच तासांहून अधिक टिकला तर उत्तम. प्रयोगापूर्वीचे व नंतरचे तास शेजारी शेजारी लिहून फलकावर लावले, तर सभासदांस अधिक काही सांगावे लागत नाही.

स्निग्धांशाच्या मापनाबाबत तर अविश्वास हाच मोठा रोग असतो. गर्बर पद्धतीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध व १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घेऊन नळी यंत्रात फिरवितात आणि ६५ अंशांवर वाचन घेतात. घाईत नळी निवू दिली तर स्निग्धांश आकसून वाचन कमी येते आणि उत्पादकाचे पैसे बुडतात. नमुना घेण्यापूर्वी दूध न ढवळल्यास साय वर राहून वाचन चुकते, ते निराळेच. येथे कारकुनास ताकीद देण्याऐवजी ऊनपाण्याचे भांडे वाचनाच्या जागेलगत ठेवावे व ढवळणी मापाशेजारीच टांगावी. हल्ली अनेक संस्थांत विद्युत् यंत्रे आली आहेत. त्यांचा आकड्यांचा पडदा सभासदाकडे वळविण्यास काहीही खर्च येत नाही. यंत्राची गर्बर पद्धतीशी ठराविक दिवशी पडताळणी करावी आणि ती सभासदांसमक्ष करावी.

भांड्यांबाबत एक सूचना. धुण्याचा सोडा स्टीलच्या भांड्यांस चालतो, ॲल्युमिनियमच्या किटलीस मात्र तो खातो व खडबडीत झालेल्या पृष्ठभागात जंतू दडून राहतात. सोडा वाटण्यापूर्वी घरोघरी कोणती भांडी आहेत हे पाहून घ्यावे.

उन्हाळ्यात यशस्वी झालेला प्रयोग पावसाळ्यात पुन्हा तपासावा लागतो. ज्येष्ठात तासाभरात वाळणारे गाळणीचे फडके श्रावणात दिवसभर ओलेच राहते, आणि सायंकाळची धार त्याच ओल्या फडक्यातून गाळली जाते. अशा दिवसांत चुलीजवळ दोरी बांधून द्यावी, किंवा प्रत्येक घरी दोन फडकी द्यावीत. कोणते सोयीचे पडते ते धार काढणाऱ्या बाईस विचारावे.