नकाशा कोणत्या सालचा?

कोरड्या मुलखातल्या नद्यांवर काम करायचं म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी नदीचं नाव विचारण्याआधी हातातल्या नकाशाचं साल विचारते. बरेच जण गोंधळतात. साल नकाशाच्या तळाशी छापलेलं असतं, पण एकच नसतं. मोजणी कधी झाली, दुरुस्ती कधी झाली, छपाई कधी झाली, अशी वेगवेगळी वर्षं तिथे असू शकतात. छपाईचं साल धरून काम सुरू केलं, तर मधल्या वीस-तीस वर्षांत नदी कशी वागली ते हिशेबातून गळतं. बारमाही नदीच्या बाबतीत हे थोडंफार खपून जाईल. कोरड्या प्रदेशातली नदी मात्र वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू असते आणि तिचं खरं काम काही मोजक्या रात्रींत उरकतं. आपल्या हातातला पुरावा त्या रात्रींच्या आधीचा की नंतरचा, हे माहीत नसेल तर त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला काही अर्थ राहत नाही.

मला हे प्रवरेकाठी उमगलं. प्रवरा रतनगडाच्या बाजूला धो धो पावसात उगम पावते आणि संगमनेरला पोहोचेपर्यंत पर्जन्यछायेत शिरते. तिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. या पट्ट्यात नदीच्या जुन्या गाळात ओघळींनी आणि घळींनी जमीन कोरून काढली आहे. भूगोलात तिला उत्खातभूमी म्हणतात. तिथली एक दरड मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिली होती. तळाशी चुनखडीने घट्ट बांधले गेलेले गोटे, त्यावर पिवळसर गाळ, गाळात विखुरलेले चुनखडीचे खडे आणि माथ्यावर काळसर माती. ओल पूर्ण सुकली की थर जास्त स्वच्छ दिसतात, म्हणून मापं उन्हाळ्यात घ्यायची असं ठरलं. उन्हाळ्यात गेले तेव्हा तिथे दरड नव्हती. जेसीबीने घळ बुजवून सपाट शेत केलं होतं आणि डाळिंबाचे खड्डे घेतले होते. शेतकरी आपुलकीने म्हणाला, “बाई, पडीकच होतं, आता चार पैसे तरी देईल.” त्याचं काही चुकलं नव्हतं. घळीच्या जमिनीवर कुटुंब जगत नाही. पण हजारो वर्षांत साठलेला नदीचा तो पुरावा गेला तो गेलाच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पहिल्याच भेटीत सगळं नोंदवा. दरडीसमोर मोजपट्टी उभी धरून फोटो, जीपीएसची नोंद, थरांची हाताने काढलेली आकृती, प्रत्येक थराची जाडी आणि रंग, सोबत तारीख. पुन्हा येऊ, तेव्हा नीट करू, हा विचार या प्रदेशात करू नका. तुमचा विषय वेगळा असला तरी वाटेत दिसलेल्या दरडीचा फोटो घ्या. पुढच्या अभ्यासकाला कदाचित तेवढाच मिळेल.

दरड गेली तरी तिच्या आसपासच्या जमिनीचं जुनं रूप शोधता येतं. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५मध्ये खुली झाली. त्यातल्या शेवटच्या काळातल्या चांगल्या चित्रांत जमिनीवरची दोनेक मीटरची वस्तूही ओळखू येते. ती अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ‘अर्थ एक्स्प्लोरर’वर शोधता येतात, जी आधीच स्कॅन झाली आहेत ती फुकट उतरवून घेता येतात. आपल्याकडे या चित्रांचं मोल आणखी एका कारणाने मोठं आहे. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीत गावोगाव बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले. ओढ्यांची चाल बदलली. कोरोनाची चित्रं त्या कामांच्या आधीची आहेत. लँडसॅट उपग्रह १९७२ सालीच सुरू झाला आणि त्याची चित्रं २००८पासून सर्वांना मोफत मिळतात, पण सुरुवातीच्या चित्रांत ऐंशी मीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. घळ त्यात हरवते.

ओढ्यांच्या बाबतीत तर मी फार आग्रही आहे. डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार योजना आली आणि यंत्रांनी नाला खोलीकरण, रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झालं. त्यानंतर मोजलेली ओढ्याची रुंदी आणि खोली पाण्याने ठरवलेली आहे की पोकलेनच्या बकेटने, हे गावात विचारल्याशिवाय कळत नाही. पात्राची मापं आणि पाणलोटाचं क्षेत्रफळ यांचं सुरेख गणित मांडणारे प्रबंध मी वाचले आहेत, पण त्यांत हा प्रश्न विचारलेला नसतो. ग्रामपंचायतीत, कृषी खात्यात झालेल्या कामांच्या नोंदी असतात. त्या आधी काढा. आणि प्रवरेवर काम करणार असाल तर हेही ध्यानात असू द्या की भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्यानंतरच्या प्रवाहाच्या आकड्यांत पावसाइतकाच दरवाजे उघडणाऱ्याचा हात आहे.

आता उंचीच्या नकाशांबद्दल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांमधलं अंतर बहुधा २० मीटर असतं. दहा-बारा मीटरची घळ दोन रेषांच्या मधे बसून जाते, नकाशावर तिचा मागमूस नसतो. मग मुलं उपग्रहाच्या उंची-आकड्यांकडे वळतात. स्पेस शटलवरून घेतलेला एसआरटीएम हा संच फेब्रुवारी २०००मधला आहे. टॅनडेम-एक्स या जर्मन उपग्रहांवरून बनलेला कोपर्निकसचा संच साधारण २०११ ते २०१५ या काळातला. दोन्हींचा कण तीस मीटरचा. एकातून दुसरा वजा केला की पडद्यावर लाल-निळे डाग उमटतात आणि ‘इतकी झीज झाली’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण दोन्ही संचांत काही मीटरची चूक मुळातच असते, शिवाय वेड्या बाभळीची दाट राई रडारला जमिनीसारखी वाटते. मधल्या काळात बाभळी तोडल्या असतील तर तीसुद्धा ‘झीज’ दिसेल. घळीची खरी झीज मोजायची तर खुंट्या ठोका, पट्टी लावा, ड्रोन असेल तर त्याचं चित्रण करा, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी परत मोजा.

रडारचा दुसरा चकवा राजस्थानात भेटला. लुणी अजमेरजवळच्या नाग पहाडात उगम पावते आणि सुमारे ४९५ किलोमीटर वाहून कच्छच्या रणाकडे जाते. बालोत्र्यापर्यंत तिचं पाणी गोडं, पुढे खारं. पावसाळ्यात ढगांमुळे साधी उपग्रहचित्रं निरुपयोगी होतात, म्हणून ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं वापरतात. ती २०१४पासून मोफत आहेत. एका विद्यार्थ्याने त्यांवरून पुराचा नकाशा केला होता. त्यात पात्राबाहेर लांबच लांब काळे पट्टे होते, म्हणजे पाणी. तो नकाशा घेऊन आम्ही तिथल्या एका वयस्क रबारी पशुपालकाकडे गेलो. त्याने ठामपणे सांगितलं की त्या वर्षी तिथे पाणी आलंच नाही, तिथे रेती आहे. तो बरोबर होता. सपाट कोरडी वाळू रडारची लहर परत पाठवत नाही, त्यामुळे ती चित्रात संथ पाण्याइतकीच काळी दिसते. म्हणून पुराचं चित्र कधीही एकटं वाचायचं नाही. त्याच जागेचं कोरड्या महिन्यातलं चित्र शेजारी ठेवायचं. जे दोन्हींत काळं, ते पाणी समजू नका.

पावसाच्या आकड्यांचंही तसंच. पुण्याच्या हवामान खात्याने १९०१पासूनच्या रोजच्या पावसाचा पाव अंशाच्या चौकटींचा संच तयार केला आहे आणि तो सहज मिळतो. काम मोलाचं आहे. पण एक चौकट म्हणजे पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, आणि कोरड्या भागातला ढग एका गावावर कोसळतो, शेजारच्या गावाला धूळसुद्धा भिजवत नाही. चौकटीत तो पाऊस पातळ होऊन जातो. सरासरीवर तर मुळीच विसंबू नका. ऑगस्ट २००६मध्ये बाडमेरमध्ये मोजक्या दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट पाऊस पडला. कवास गाव बुडालं, माणसं गेली, आणि पाणी महिनोन्‌महिने हटलं नाही, कारण जमिनीखाली जिप्समचा थर होता आणि पाण्याला मुरायला वाट नव्हती. गाव पाण्याच्या जुन्या वाटेवर वसलेलं होतं. वर्षानुवर्षं कोरड्या दिसणाऱ्या वाटेला नकाशावर कोणी नदी म्हणत नाही. ती मातीच्या थरांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत असते, आणि तिची नोंद करणं हे आपलं काम आहे. हा अभ्यास मला जीव तोडून करावासा वाटतो तो त्यामुळेच.

लुणीच्या खोऱ्यात जाणाऱ्यांनी आधी जोधपूरच्या काझरीचं, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचं ग्रंथालय गाठावं. संस्थेची मुळं १९५२च्या वनीकरण केंद्रात आहेत. पश्चिम राजस्थानच्या भूरूपांवरची तिथल्या संशोधकांची सर्वेक्षणं इतरत्र सहज मिळत नाहीत. जोधपूरहूनच ‘ॲनल्स ऑफ ॲरिड झोन’ हे नियतकालिक १९६२पासून निघतं. त्याचे जुने अंक चाळताना वेळ वाया जात नाही. पुण्यातल्या मुलांनी मात्र गाडी पकडण्याआधी येरवड्याचं डेक्कन कॉलेज पाहावं. वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनी तेव्हा नागौर जिल्ह्यात असलेल्या डिडवाण्याला वाळूच्या टेकडीचा जो खोल छेद अभ्यासला, त्याने थरच्या वाळवंटाच्या हवामान-इतिहासाची दिशाच बदलली. प्रवरेकाठचं नेवासे, जिथे पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं, तेही याच संस्थेच्या कामाचा भाग. १९७७पासून निघणाऱ्या ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’च्या अंकांत पुरातत्त्व आणि नद्या एकत्र भेटतात. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर नसलेले जुने प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात असतात, त्यांतले हाताने काढलेले छेद बघायला स्वतः जावं लागतं. जिल्हा गॅझेटियरही सोडू नका. अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) १८८४चं आहे, म्हणजे भंडारदऱ्याच्या आधीचं.

परदेशी पुस्तकं वाचाच. डेव्हिड थॉमस यांनी संपादित केलेलं ‘ॲरिड झोन जिऑमॉर्फॉलॉजी’ आणि २००२चं ‘ड्रायलँड रिव्हर्स’ ही दोन मी हाताशी ठेवते. ॲरिझोनातल्या वॉलनट गल्च या दीडशे चौरस किलोमीटरच्या प्रायोगिक पाणलोटातली मोजमापं १९५०च्या दशकापासूनची आहेत आणि खुली आहेत. पूर खाली जाताना वाढण्याऐवजी आटत जातो, कारण कोरडं पात्रच पाणी पिऊन टाकतं, हे तिथे आकड्यांत दिसतं. पण ते सूत्र जसंच्या तसं प्रवरेला लावू नका. तिला सह्याद्रीतून पाणी मिळतं, वर धरण आहे, वाटेत बंधारे आहेत आणि काठावर विहिरींची रांग आहे.

वयनिश्चितीबद्दल एवढंच सांगते की प्रयोगशाळेतून आलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, तेव्हा त्याचं वय चौदा लाख वर्षं आलं, मग पावणेसात लाखांच्या आसपास, तर काहींच्या मते ती फक्त सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची राख. थर तोच. वाळूचं वय काढणारी प्रकाशदीप्तीची पद्धत अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने आपल्याकडे रुजवली आणि थरच्या वाळवंटासाठी ती वरदान ठरली. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते ती सांगते. पण अचानक आलेल्या पुरात गढूळ पाण्यातून रात्री वाहिलेल्या कणाला ऊन लागतच नाही, आणि मग वय खऱ्यापेक्षा जास्त येतं. म्हणून नमुन्याची नळी दरडीत ठोकण्याआधी प्रयोगशाळेतल्या माणसाशी बोला, कोणता थर घ्यायचा ते त्यांच्याबरोबर ठरवा. विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी लुणीच्या पुरांच्या थरांवर याच पद्धतीने काम करून २०००मध्ये प्रसिद्ध केलं. नमुना कुठून आणि का घेतला हे कसं लिहावं, यासाठी तरी तो निबंध वाचा.

या सगळ्याच्या जोडीला काठावरच्या एका माणसाचा फोन नंबर जवळ ठेवा. शाळेतला शिक्षक, पुलाजवळचा चहावाला, कोणीही. पूर बहुधा रात्री येतो आणि सकाळी ओसरलेला असतो. त्याने कळवलं की तीन-चार दिवसांत निघा. पुलाच्या खांबावरची चिखलाची रेघ, बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं गवत, देवळाच्या पायरीवरचा ओला गाळ, यांची उंची लगेच मोजा. पायरी धुतली जाते, गवत वाळून गळतं. मोजताना तारीख लिहा, पूर कोणत्या रात्रीचा तेही लिहा, आणि वरच्या बाजूला अजून ढग असतील तर पात्रात उतरू नका. इथे पाणी आलेलं कळतं तेव्हा काठ गाठायला वेळ नसतो.