वेगमर्यादेची पाटी कोण बदलतं? – गणित आणि परिसर अभ्यासाचा एक पाठ

इयत्ता : चौथी-पाचवी
साहित्य : मोजण्याची टेप, चुन्याची फक्की, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, वही



वाहतुकीचे नियम हा पाठ आपण बहुतेक जण चित्रं चिकटवून संपवतो. लाल दिवा थांबा, हिरवा दिवा जा. अवसरी खुर्दच्या मुलांना रोज दिसतात ते उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, इंजिनिअरिंग कॉलेजकडे आणि पॉलिटेक्निककडे निघालेली पोरं. इथे मुलांना खरी गरज आहे ती वेग समजण्याची. म्हणून मी हा पाठ मैदानापासून सुरू करते.

मैदानावर एक रेघ मारा. तिथून 30 मीटर, 45 मीटर, 60 मीटर आणि 80 मीटरवर फक्कीने खुणा करा. रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांच्या हिशोबात ताशी 30 किमी वेगाच्या गाडीला थांबायला साधारण 30 मीटर लागतात, 40 ला 45, 50 ला 60 आणि 60 ला 80 मीटर. चालकाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अडीच सेकंद यात धरलेले आहेत. ताशी 60 च्या वेगात या अडीच सेकंदांतच गाडी जवळपास 42 मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच! उरलेले 38-39 मीटर ब्रेकचे. ताशी 30 ला हेच आकडे 21 आणि 9 असे येतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे फळ्यावर कितीही सांगा, 30 आणि 80 च्या खुणांमधलं अंतर एकदा चालून पाहिल्यावरच मुलं गप्प होतात.

दुसरा भाग मोजणीचा. मुलांना रस्त्यावर अजिबात न्यायचं नाही. शाळेच्या कुंपणाच्या आत बसायचं. रस्त्याकडेच्या दोन ठळक खुणा (झाड, विजेचा खांब) मोठ्यांनी आधीच हेरून त्यांच्यामधलं 50 मीटर अंतर मोजून ठेवायचं. गाडीला ते अंतर कापायला किती सेकंद लागले ते लिहायचं आणि 180 ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर थेट ताशी किमीमध्ये येतं. 6 सेकंद म्हणजे ताशी 30, 4 सेकंद म्हणजे 45, 3 सेकंद म्हणजे 60. भागाकाराचा इतका चांगला सराव दुसरा नाही. 180 हाच आकडा का, हे पाचवीच्या मुलांना शोधू द्या, लगेच सांगू नका. (पालकांना एक सूचना : यादीत तुमचीही गाडी येणार आहे!)

वीस गाड्या झाल्या की वेग लहान ते मोठा असे लावायचे आणि सतरावा वेग बघायचा. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग अभियंते मर्यादा ठरवताना विचारात घेतात. विसांत तो सतरावा. समजा तो 50 आला. मग मर्यादा 50 ठेवायची का? इथे वर्गात भांडण होऊ द्या. मोकळ्या रस्त्यावर हा हिशोब ठीक आहे. शाळेसमोर मात्र चालकांच्या सवयीवरून आकडा ठरवणं मला पटत नाही. जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे 30 ची मर्यादा असावी, असं फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोमच्या जागतिक जाहीरनाम्यातही म्हटलं आहे.

आता मुलांचा हमखास येणारा प्रश्न. "बाई, पाटीवरचा आकडा कोण लिहितं? आपण बदलू शकतो का?"

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 112 याचं उत्तर देतं. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचा, पुलाचा प्रकार पाहून राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, कमी मर्यादा ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि रस्त्यावर खुणेची पाटीही लागते. बंधन महिनाभर किंवा त्याहून कमी काळासाठी असेल तर अधिसूचनेची गरज नाही. म्हणजे यात्रेपुरती मर्यादा सोप्या मार्गाने होते. उसाचा हंगाम मात्र महिन्यात संपत नाही. त्यासाठी पूर्ण रस्ता चालावा लागतो, कागदाचा.

पाट्यांचा फरकही इथेच सांगावा. लाल कडेच्या गोलातला आकडा हा आदेश. शाळेचं चित्र असलेला त्रिकोण हा फक्त इशारा. गावात त्रिकोण लागला की "मर्यादा लागली" असं आपण समजतो, ती समजूत चुकीची आहे.

अर्ज कुणाकडे हे रस्ता कुणाचा यावर ठरतं. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. पुणे-नाशिक हा राष्ट्रीय महामार्ग, त्याचा कारभार वेगळा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही असते. ग्रामसभेचा ठराव, सोबत मोजणीचा तक्ता आणि जागेचा साधा नकाशा, एवढं जोडलं तर अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

आपली नेहमीची मागणी मात्र एकच असते, गतिरोधक घाला. तोही रातोरात, हातभर रुंदीचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून ताशी 25 ने गाडी सुखरूप जाते. अरुंद उंचवट्यावर मागे बसलेल्या आजीची पाठ जाते आणि तरणी पोरं कडेच्या मातीतून गाडी काढतात. मुलांना टेप देऊन गावातला एखादा गतिरोधक मोजायला सांगा, पण रहदारी नसताना आणि मोठ्यांच्या सोबतीने.

मर्यादा बदलण्याची उदाहरणं आपल्या जिल्ह्यातच आहेत. पुण्याच्या नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 ला उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना ठोकरलं, त्यानंतर त्या उतारावर जड वाहनांची मर्यादा ताशी 40 वर आणली गेली. दुसरं उदाहरण लांबचं आहे. वेल्स देशाने 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किमी केली. विरोधी अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. मग सरकारने मर्यादा सरसकट मागे न घेता, कुठल्या रस्त्यावर 30 मैल परत ठेवायचे हे स्थानिक परिषदांना तपासायला सांगितलं. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा : आकडा खालीही येतो आणि वरही जातो.

पाटी लागल्यावर सहा महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करायची आहे. तोच वार, तीच वेळ आणि उसाचा हंगाम असेल तर दोन्ही वेळा हंगामच. एक मोजणी मंचरच्या बाजाराच्या दिवशी आणि दुसरी साध्या दिवशी केली तर तुलना फसते. पहिल्या मोजणीची वही म्हणूनच मुलांकडे न देता शाळेच्या कपाटात ठेवा.