पदवीधरांचा टक्का आणि कुहीचे कारागीर

एखाद्या गावात कामाची माणसे कशी आहेत हे पाहताना पुष्कळदा पहिला प्रश्न विचारला जातो तो पदवीधर किती, हा. हा टक्का निघतो कसा आणि त्यातून काय कळते, हे कुहीच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. साधारणपणे २५ ते ६४ वर्षे वयाची माणसे मोजायची आणि त्यांत पदवीधर शेकडा किती, ते काढायचे. समजा, एका मोहल्ल्यात या वयाची २०० माणसे आहेत व त्यांत १० पदवीधर. टक्का झाला ५. त्यांतले ४ जण नोकरीसाठी नागपूरला राहायला गेले, तर उरले १९६ पैकी ६. टक्का ३ वर आला. शिक्षण घटले नाही, शिकलेली माणसे गेली. तेव्हा हा आकडा गावातल्या शिक्षणाइतकाच रोजगाराचाही असतो.

दुसरी गोष्ट. जनगणनेत पदवीचा रकाना वेगळा आणि तांत्रिक पदविका-प्रमाणपत्राचा वेगळा. आयटीआय झालेला वेल्डर पदवीधरांत धरला जात नाही. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे शिकलेला शिंपी किंवा गॅरेजवाला तर प्रमाणपत्राच्या रकान्यातही येत नाही. त्याचे हुनर गिऱ्हाईक ओळखते, कागद ओळखत नाही.

मग हा टक्का निरुपयोगी समजायचा काय? मुळीच नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की, देशात २० वर्षांवरील लोकांत पदवी वा पदविका घेतलेले सुमारे ७ टक्के होते, तर मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. याउलट २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. म्हणजे अक्षरओळखीत आपला समाज मागे नव्हता. गळती वरच्या पायऱ्यांवर होते. मुलगा दहावीनंतर दुकानात बसतो, मुलीची शाळा सुटते. आज दुकानाला दोन हात मिळतात, पण उद्या कारखान्याची नोकरी किंवा सरकारी ठेका हवा असला की कागद मागितला जातो.

आमचे म्हणणे असे की, हुनर आणि कागद दोन्ही हवेत. वडीलधाऱ्या कारागिरांसाठी वाट आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी असे १८ व्यवसाय आहेत. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज ठरवले आहे. मोटार मेकॅनिक त्या यादीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मुलांसाठी मात्र बारावी, आयटीआय किंवा पदवी यांपैकी एक तरी पुरी व्हावी. दुकानाचे काम सकाळ-संध्याकाळ शिकवता येते.

प्रत्येक मोहल्ल्याने एका वहीत चार रकाने आखावेत: पदवीधर, प्रमाणपत्रधारक, कागदाविना कारागीर आणि दहावीनंतर शिक्षण सुटलेले. तिसऱ्या रकान्यातली माणसे दुसऱ्यात आणायची आणि चौथा रकाना वाढू द्यायचा नाही. आपल्या गावाचे खरे माप या वहीतून कळेल.