रोगट पिकाचे छायाचित्र : सुधारणा किती व कशी करावी?

पिकावरील रोगाची ओळख पटविण्यासाठी मोबाइलवर घेतलेले छायाचित्र तज्ज्ञांकडे पाठविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. असे चित्र सुधारण्याची साधनेही सहज मिळतात. संगणकावरील ‘गिम्प’ व मोबाइलवरील ‘स्नॅपसीड’ ही दोन्ही विनामूल्य आहेत. मात्र त्यांचा उपयोग चित्र सुंदर करण्यासाठी नसून रोगाचे लक्षण स्पष्ट दाखविण्यासाठी करावयाचा आहे. रंग बदलला की निदान चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

द्राक्षाचेच उदाहरण घ्यावे. भुरी रोगात पानावर पांढरट भुकटी दिसते. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात व खालच्या बाजूस पांढरी बुरशी वाढते. चित्राचा उजेड फार वाढविल्यास भुकटी दिसेनाशी होते. पिवळेपणा वाढविल्यास निरोगी पानही रोगट भासते. भुरीवर गुणकारी असलेले गंधक केवड्यावर उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते.

सुधारणेची रीत

१. मूळ चित्र तसेच राखून ठेवावे. सर्व फेरफार त्याच्या प्रतीवर करावेत.

२. चित्र घेतानाच पानाशेजारी पांढरा कागद व मोजपट्टी ठेवावी. पुढे ‘व्हाइट बॅलन्स’ या सोयीने कागद पांढरा दिसेल एवढाच रंग सुधारावा. कागद पांढरा दिसला म्हणजे पानाचा रंगही बहुतांशी खरा उमटतो.

३. चित्र काळपट असल्यास उजेड थोडा वाढवावा. कागदावरील रेघा पुसट होऊ लागताच थांबावे.

४. ‘क्रॉप’ करून अनावश्यक भाग काढावा. परंतु संपूर्ण झाडाचे एक चित्र न कापता सोबत द्यावे. नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. लोहाच्या कमतरतेत शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी होऊन शिरा हिरव्या राहतात. पान झाडावर कोठे होते हे न कळल्यास हा भेद करणे कठीण जाते.

५. ‘जेपेग’ चित्र वारंवार सुधारून साठविल्यास बारकावे नष्ट होतात. म्हणून सर्व फेरफार एकदाच करावेत. व्हॉट्सॲपवरून पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे त्याची प्रत घटत नाही.

काय टाळावे

तयार ‘फिल्टर’ वापरू नयेत. ‘शार्पन’ अधिक केल्यास डागांभोवती खोटी कड उमटते. भुईमुगाच्या टिक्का रोगात डागाभोवतीचे पिवळे वलय ही निदानाची एक खूण असल्याने अशी कड दिशाभूल करते. डाग पुसणारी साधने तर सर्वथा वर्ज्य समजावीत. अस्पष्ट आलेले चित्र सुधारत बसण्यापेक्षा शेतात जाऊन दुसरे घ्यावे.

नुकसानीच्या पंचनाम्यासाठी घेतलेल्या चित्रात मात्र कोणताही फेरफार करू नये. अशा चित्राचे मोल त्याच्या अस्सलपणात असते, आणि सद्हेतूने केलेला बदलही खऱ्या नुकसानीविषयी शंका निर्माण करू शकतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत शेतकरी बांधवांना एखाद्या रोगट पानावर प्रत्यक्ष करून दाखवावी. मूळ व सुधारलेले चित्र पानाशेजारी धरून पाहावे. जे पानाशी अधिक जुळेल, तेच तज्ज्ञांकडे पाठविण्यास योग्य होय.