क्लच दाबला, तरी गाडी पळाली!

९ मार्च २०२०ला महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले आणि त्याच महिन्यात होस्टेल रिकामं झालं. मी तेव्हा सेकंड इयरला होतो. "पंधरा दिवसांत येतोच" असं म्हणून पल्सर पार्किंगमध्ये लावली आणि गावाला गेलो. परत भेट झाली ती ऑक्टोबर २०२१मध्ये, म्हणजे मधे दोन पावसाळे होऊन गेले होते.

नवी बॅटरी टाकली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, दहा-बारा सेल्फ मारल्यावर इंजिन लागलं. मला कोण आनंद! पार्किंगमध्येच क्लच दाबून फर्स्ट टाकला. खाडकन आवाज झाला आणि गाडीने जी उडी मारली ती थेट समोरच्या स्प्लेंडरवर. स्प्लेंडर शेजारच्या अ‍ॅक्टिव्हावर, अ‍ॅक्टिव्हा पुढच्या गाडीवर, अशा पाच गाड्या आडव्या. माझा रूममेट अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच जागी वाकून बुटाची लेस बांधत होता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

एका गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच निकाल दिला, "प्लेटा गेल्या, पूर्ण सेट टाका." महिन्याची मेस त्यात गेली असती. म्हणून आधी आमच्या वर्कशॉपमधल्या मामांना विचारलं. मामा हसले. "अरे, प्लेटा झिजल्या असत्या तर गाडी ओढली नसती. ही तर नको तेव्हा ओढतेय! चिकटल्यात त्या."

चार वर्षं मशीन डिझाइन शिकून जे सुचलं नसतं ते या दोन वाक्यांत होतं. झिजलेला क्लच घसरतो, चिकटलेला सुटत नाही. दोन्ही आजार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

आता हे चिकटणं नेमकं काय असतं? आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. एक फ्रिक्शन प्लेट, एक स्टीलची प्लेट अशी चळत, आणि तिला स्प्रिंग दाबून धरतात. गाडी उभी असताना क्लच दाबलेला नसतो, म्हणजे स्प्रिंगा महिनोन्‌महिने त्या प्लेटा आवळतच असतात. मधलं ऑइल हळूहळू पिळून निघतं आणि उरतो तो अगदी पातळ, चिकट थर. त्यात पुण्याचा पावसाळा आला की स्टीलच्या प्लेटांवर थोडा गंजही चढतो.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. लिव्हर दाबला की प्लेटा ओढून वेगळ्या होतात असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही! लिव्हर फक्त स्प्रिंगचा दाब काढून घेतो. प्लेटांनी आपापलं सुटायचं असतं. म्हणून गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून सेल्फ मारू देणाऱ्या गाड्यांवर फार विसंबू नका. त्या स्विचला लिव्हर दाबलाय एवढंच कळतं, प्लेटा सुटल्या की नाही हे कळत नाही.

मेसमध्ये धुतलेल्या दोन ओल्या सपाट ताटल्या एकमेकींना चिकटतात, आठवतंय? सरळ वर ओढल्या तर निघत नाहीत, बाजूला सरकवल्या की लगेच सुटतात. जोसेफ स्टीफनने १८७४मध्ये याचं गणित मांडलं. दोन चकत्यांमध्ये द्रवाचा थर असेल तर त्या ठरावीक वेगाने ओढून वेगळ्या करायला लागणारं बल थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. थर निम्मा झाला की बल आठपट! पण त्याच चकत्या एकमेकींवरून सरकवायच्या असतील तर थर निम्मा झाल्यावर बल फक्त दुप्पट लागतं. शिवाय दोन्हीकडे ऑइलचा दाटपणा गुणिलेला आहे, आणि २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलं की साधारण आठ-नऊपट पातळ होतं. म्हणजे उपाय सूत्रातच लिहिलाय. गरम करा, आणि प्लेटा सरकवा.

मामांनी नेमकं तेच केलं. आधी केबल पाहिली. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे का, आणि लिव्हर दाबल्यावर इंजिनकडचा आर्म पूर्ण फिरतो का. (कधीकधी केबलच गंजून जाम असते, मग नाना पेठेत एक चक्कर, विषय संपला.) माझी केबल ठीक होती. ऑइल बदललं. गाडी मोकळ्या मैदानात नेली, न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि बंद केलं. मग टॉप गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून धरला आणि दोघांनी मिळून गाडी मागे-पुढे हिसकली.

टॉप गिअरच का? मी फर्स्ट टाकणार होतो. पण चाकाकडून इंजिनकडे जाताना वेग वाढतो आणि टॉर्क कमी होतो, फर्स्टमध्ये तर सगळ्यात जास्त. आपल्या ढकलण्यातला जास्तीत जास्त जोर क्लचपर्यंत पोचवायचा तर टॉपच हवा. सातव्या-आठव्या हिसक्याला 'टक्‌' झालं आणि गाडी एकदम हलकी झाली. खर्च म्हटलं तर फक्त ऑइलचा.

जुन्या बुलेटवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सकाळी इग्निशन बंद ठेवून, क्लच दाबून ते दोन-चार किका मारतात ती पूजा नसते, प्लेटा सोडवणं असतं.

एवढं करूनही सुटला नाही तर बहुतेक गंज आहे. मग क्लच कव्हर उघडून प्लेटा हाताने वेगळ्या करायला लागतात. ते जाणकाराला करू द्या. चालू इंजिनवर, गिअर टाकून, ब्रेक मारून क्लच सोडवायचा प्रकारही काही जण करतात. होस्टेलच्या पार्किंगमध्ये तो करू नका, माझ्या पाच गाड्या आठवा. आणि सुट्टीनंतर पहिल्यांदा गाडी लावायच्या आधी इंजिन बंद असतानाच गिअर टाका, क्लच दाबा आणि ढकलून बघा. चाक मोकळं फिरलं तरच पुढचं. थंड ऑइलमुळे थोडं जड लागेल, ते चालतं. स्कूटरवाल्यांनी यातलं काहीच करायची गरज नाही, त्यांचा क्लच वेगळ्या जातीचा.

लांब सुट्टीवर जाताना मी आता सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन क्लच लिव्हर हँडलला दाबूनच बांधतो, म्हणजे प्लेटांवर दाब राहत नाही. "स्प्रिंग मरेल" असं काही जण सांगतात, पण ती तर एरवीही दबलेलीच असते, दोन महिन्यांत तिला काही होत नाही. एका मे महिन्यात मात्र वॉचमनकाकांनी कुणाचीतरी खोडी समजून ती पट्टी कापून टाकली. तेव्हापासून शेजारी चिठ्ठीही लावतो: 'काका, मुद्दाम बांधली आहे.'